बहुतांशी वाळलेले चित्र

जवसाचं तेल वाळतं, हे मला एका पुस्तकाने सांगितलं. पुस्तकांवर विश्वास ठेवणं हा माझा पेशा आहे आणि पुढे जे घडलं त्यावरून पाहता तोच माझा दोषही असावा. नक्की सांगता येत नाही. या सगळ्या प्रकरणात मला नक्की सांगता येईल असं फार थोडं आहे. तेवढं क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करतो. मध्येच भरकटलो तर सांभाळून घ्यावं.

मी अमडापूरला राहतो आणि तिथल्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. वय चौसष्ट. या वयात अजून नोकरीत कसे, असं लोक विचारतात. त्याचं कारण असं की, ग्रंथपालाचं निवृत्तीचं वय ठरवण्यासाठी एक बैठक बोलवावी, असं सहा वर्षांपूर्वीच्या बैठकीत ठरलं आणि त्यानंतर बैठक झालेली नाही. तेव्हा मी रोज सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सात वाचनालयात असतो. मधले पाच तास माझे. त्यातून जेवण, पिठाची गिरणी, विजेचं बिल, गॅसचा नंबर लावणं आणि पत्नीने सांगितलेली कामं वजा केली की एक ते अडीच एवढा वेळ उरतो. त्या दीड तासात मी चित्रं काढतो. 'चित्रकार' हा शब्द मी स्वतःबद्दल मोठ्याने कधी उच्चारलेला नाही. मनात दोनदा उच्चारला आहे, दोन्ही वेळा लाज वाटली.

माझा स्टुडिओ म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली कोठीची खोली. तिला उत्तरेकडे खिडकी आहे. उत्तरेचा उजेड चित्राला उत्तम, असंही त्याच पुस्तकात आहे. पण त्या उजेडात आधीपासून लोणच्याच्या बरण्या राहत होत्या. जयमालाशी, म्हणजे माझ्या पत्नीशी, बोलणी होऊन असं ठरलं की बरण्या हलणार नाहीत, तुरीचं पोतं हलणार नाही, आणि डाळ, तेल, तिखट घ्यायला ती केव्हाही आत येईल. या तिन्ही गोष्टी सोडून बाकी खोली माझी. बाकी खोली साधारण सतरंजीएवढी भरली. तिथे मी वाचनालयाचा जुना वर्तमानपत्रांचा लाकडी स्टँड आणून ठेवला. तो रीतसर ठराव करून निर्लेखित, म्हणजे दप्तरातून कमी केलेला आहे, हे इथे नमूद करतो. गावात याबद्दल गैरसमज आहे.

गेल्या दिवाळीनंतर वाचनालयात टपालाने एक पत्रक आलं. बुलढाण्यात चित्रप्रदर्शन. तीन दिवस. त्यात 'ज्येष्ठ हौशी' असा एक गट. मी ते पत्रक फलकावर लावण्याऐवजी खिशात घातलं. छत्तीस वर्षांच्या सेवेतला हा माझा पहिला गैरप्रकार.

काढायचं काय, हे मला ठाऊक होतं. जयमाला दुपारी कोठीत खिडकीपाशी सूप घेऊन डाळ निवडत बसते. तिच्या हातावर तो उत्तरेचा उजेड पडतो. इतकंच. पण तिला तसं विचारायला मला आठ दिवस लागले.

"मले काऊन काढता?" ती म्हणाली. "घरात दुसरं काई नाही का? बरण्या काढा."

"तू बसतेस तशीच बस. डाळ निवड. मी बाजूला उभा राहीन."

"आन मंग लोकं पाह्यतीन मले?"

"पाहतील. भिंतीवर तीन दिवस."

तिने डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. "खाली नाव लिहाल का?"

"चित्राचं नाव लिहावंच लागतं."

"चित्राचं नाही हो. माह्यं."

जयमालाचं नाव आजवर रेशन कार्डावर आणि मतदार यादीत सोडून कुठे लिहिलं गेलेलं नाही, आणि रेशन कार्डावर ते 'जयमाल' असं आहे. ते दुरुस्त करायला मी नऊ वेळा चिखलीला गेलो आहे. तो विषय वेगळा. मी म्हणालो, "लिहीन. शब्द देतो."

"मंग बसतो," ती म्हणाली, आणि त्याच दुपारी तिने बुलढाण्याला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन केला. "छाया, भिंतीवर लागून राह्यलो म्या. नावासगट. तू ये पाह्याले." त्या फोननंतर मागे फिरण्याची वाट बंद झाली. छायाला सांगणं म्हणजे अर्ध्या बुलढाण्याला सांगणं.

तेल मी अकोल्याहून आणलं. रंगाच्या दुकानातलं, छोट्या बाटलीतलं, चित्रकारांसाठी शुद्ध केलेलं जवसाचं तेल. पहिल्या चार दुपारी मी मागची भिंत, खिडकी आणि बरण्या रंगवल्या. माणसाला हात लावायचं धैर्य होत नव्हतं. पाचव्या दिवशी जेवायला बसलो, तर शेजारचे रंगराव आलेले. रंगरावांचं शेत आणि घर दोन्ही आमच्या कुंपणाला लागून असल्यामुळे ते जेवणाच्या वेळी कुठल्याही बाजूने येऊ शकतात. जयमालाने भाकरी वाढली, ठेचा वाढला आणि ठेच्यावर कच्चं तेल घातलं.

रंगरावांनी तीन भाकरी खाल्ल्या. "वयनी, तेल कोन्तं हो हे? लय हलकं लागते. घशातून सरकते नुसतं."

तेव्हा मी बाटली पाहिली.

मी बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे रंगरावांना एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगाव्या लागणार : एक, मी चित्रं काढतो. दोन, तुम्ही आत्ता रंगाचं तेल खाल्लंत. दोन्ही सांगायचं धैर्य मला झालं नाही. एक सांगून दुसरी लपवावी, तर कोणती सांगावी हे ठरेना. तोवर त्यांनी चौथी भाकरी मागितली. पुढचे तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ कुंपणापाशी उभा राहून रंगरावांची प्रकृती पाहत होतो. तिसऱ्या दिवशी तेच मला म्हणाले, "सर, तब्बेत बरी नाही का? लय पाहून राह्यले माह्याकडं." ते स्वतः ठणठणीत होते. किंबहुना पूर्वीपेक्षा टवटवीत दिसत होते.

"बाटलीवर काई लिहेल असतं तं समजलं असतं मले," जयमाला म्हणाली.

"लिहिलेलं होतं."

"इंग्रजीत."

"हो."

"मंग?"

मी रिकामी बाटली उलटी करून पाहिली. तेल संपलं होतं आणि अकोल्याला जायचं तर रजा टाकावी लागली असती. जयमालानेच तोडगा काढला. जवसाचंच तेल ना? ते तर घाण्यावर मिळतं. रंगरावांची मुलगी वरवट बकालला दिलेली आहे आणि तिथे घाणा आहे. रंगराव दोन दिवसांनी जाणारच होते. "भाऊजी, दोन लिटर जवसाचं तेल आनजा. चांगलं पाहून," तिने कुंपणावरून सांगितलं. मी शेजारी उभा होतो. कशासाठी, हे सांगण्याची ती वेळ होती. मी मान हलवली आणि आत गेलो.

तेल आलं. सोनेरी, दाट, एका कॅनमध्ये. आता जयमालाला रंगवायचं.

रंगवताना एक अडचण अशी आली की डाळ संपली. मी हळू काढतो. एका दुपारी एक अंगठा होतो आणि दुसऱ्या दुपारी तो मी पुसतो. जयमाला मात्र भरभर निवडते. आठ दिवसांत घरातली सगळी डाळ निवडून झाली. निवडलेली डाळ पुन्हा निवडायला ती तयार होईना. "खडा नसलेल्या डाळीत काय पाह्याचं? तोंड खोटं दिसन माह्यं," असं ती म्हणाली, आणि ते मला फार मोठं कलाविषयक विधान वाटलं. शेवटी तिने समोरच्या केसरबाईंची डाळ निवडायला आणली. मग केसरबाईंच्या जावेची. मग गल्लीतून सूप, चाळण्या, डबे येऊ लागले. चित्राबद्दल कोणाला सांगायचं नाही, अशी मीच तिला अट घातलेली असल्यामुळे ती कोणाला कारण सांगत नव्हती. फक्त "द्या, निवडून देतो," म्हणायची.

पंधरा दिवसांनी वाचनालयाचे अध्यक्ष भगवंतराव माझ्या टेबलापाशी आले. इकडेतिकडे पाहून खुर्ची पुढे ओढली. "सर, घरी समदं ठीक हाये ना?"

"हो."

"नाही, मिसेस लोकायची डाळ निवडून देऊन राह्यल्या म्हन्ते. या वयात. मंडळाचं काई चुकलं असंन तं सांगा. अनुदान उशिरा येते, ते खरं हाये."

मी काहीतरी पुटपुटलो. काय, ते आठवत नाही. 'छंद' असा शब्द त्यात होता. भगवंतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या हाताचं वजन मला अजून जाणवतं.

दहा जानेवारीला चित्र पूर्ण झालं. म्हणजे मी थांबलो. पदर बरा जमला होता. सूप चांगलं होतं. चेहरा जयमालाचा होता की नाही हे मला कळत नव्हतं. काही दिवस वाटायचं आहे, काही दिवस वाटायचं की तिच्या आईचा आहे. जयमालाने पाहायला नकार दिला. "भिंतीवर लागल्यावर पाह्यीन. आधी पाह्यलं तं नजर लागते." तिला विचारावं, तर तीही सोय गेली.

प्रदर्शन बारा फेब्रुवारीला. पुस्तकात होतं, आठ-दहा दिवसांत हाताला लागणार नाही इतपत वाळतं. वीस जानेवारीला मी हळूच बोट लावलं. बोट निळं झालं. पंचवीसला लावलं. निळं. भिंत, खिडकी आणि बरण्या खडखडीत वाळल्या होत्या. जयमाला ओली होती.

कोठीत ऊन येत नाही. (उत्तरेच्या उजेडाचा हा तोटा त्या पुस्तकात दिलेला नाही.) नाइलाजाने मी चित्र अंगणात, बाजेवर, उन्हाला ठेवलं, आणि चाळीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट साडेअकरापर्यंत गल्लीभर झाली.

मला वाटलं होतं, लोक हसतील. कोणी हसलं नाही. चित्र कसं आहे हेही कोणी बोललं नाही. ते वाळत नाही, एवढ्याच प्रश्नावर सगळ्यांनी स्वतःला झोकून दिलं. केसरबाई म्हणाल्या, पापडासारखं दर घंट्याने पलटवा. भगवंतराव मुद्दाम येऊन म्हणाले, ऊन नको, पंखा हवा, ओल आतून निघाली पाहिजे. कोणी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर सुचवला. रंगरावांनी चित्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "कुटारात दाबून ठेवा, सर. आठ दिवस. आंबे कसे पिकतात?"

"पिकवायचं नाही, रंगराव. वाळवायचं आहे."

"तेच ते."

त्यांनी पुन्हा वास घेतला. "हे तं आपलं तेल हाये!" त्यांच्या तोंडावर आनंद पसरला, आणि मग तो हळूहळू ओसरू लागला. "सर... हे तुमी यात टाकलं?"

"हो. जवसाचं तेल वाळतं."

"जवसाचं वाळते हो. पन यात अर्धं शेंगदान्याचं हाये."

मी बाजेवर बसलो. चित्राच्या बाजूला, चित्रावर नाही, इतकं भान होतं.

"म्याच सांगतलं घान्यावर," रंगराव अगदी बारीक आवाजात म्हणाले. "म्हन्लं, सर जेवनात घेतात हे. वयनी भाकरीवर देतात. नुसत्या जवसाचा वास उग्र येते, मनून अर्धं शेंगदान्याचं टाक. तुमाले बरं लागावं मनून केलं, सर."

मी आत जाऊन पुस्तक काढलं. ज्या पानावर 'जवसाचे तेल वाळते' असं होतं, ते पान उलटलं. पुढच्या पानाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की शेंगदाण्याचं तेल कधीही वाळत नाही. छत्तीस वर्षं मी वाचकांना सांगत आलो आहे, पुस्तक पुरतं वाचावं. हा फलक मी स्वतःच्या अक्षरात लिहून लावलेला आहे. दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेल्यावर त्याच्याकडे पाहवेना.

यात भर म्हणून त्याच आठवड्यात रंगरावांच्या शेतात तुरीची मळणी सुरू झाली आणि अंगणभर भुसा उडाला. तासाभरात जयमालाच्या चेहऱ्यावर, पदरावर, हातांवर बारीक पिवळा थर बसला. मी वाचनालयातून आलो तेव्हा ती सुई घेऊन चित्रापुढे बसली होती. डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखा पदर कपाळावरून खाली ओढलेला. चित्र पाहायचं नव्हतं ना तिला. बोटभर जागा दिसेल एवढं पाहून ती भुशाची एकेक काडी सुईच्या टोकाने उचलत होती.

"राहू दे," मी म्हणालो. "मी छायाला फोन करून सांगतो, काही कारणाने जमलं नाही."

"काऊन?"

"ते वाळणार नाही. कधीच वाळणार नाही. नियम आहे, ओलं चित्र घेत नाहीत."

तिने एक काडी काढून पायरीला पुसली. "तुमी शब्द देलता," ती म्हणाली. रागाने नाही, आठवण करून द्यावी तसं. आणि पुढची काडी शोधू लागली.

अर्ज भरायला बसलो. माझ्याकडची प्रत झेरॉक्सची झेरॉक्स होती आणि तिच्यावरची अर्धी अक्षरं उडालेली होती. वर दोन चौकटी होत्या, एकीखाली एक. त्यांच्यापुढे काय लिहिलं होतं ते भिंगातूनही दिसेना. भगवंतरावांना दाखवलं. ते म्हणाले, "वरच्या चौकटीत महत्त्वाचं लिहायचं. खालच्यात बाकीचं. सरकारी रीत हाये." वरच्या चौकटीत काय महत्त्वाचं, याबद्दल माझ्या मनात जराही गोंधळ झाला नाही. या प्रकरणात गोंधळ न झालेली ती एकमेव जागा. मी वर लिहिलं : जयमाला. खाली माझं नाव लिहिलं : चंद्रशेखर. मग मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र घेतलं. त्यासाठी बैठक लागते आणि बैठक होत नाही, म्हणून भगवंतरावांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर दिलं. त्यात 'सदर कर्मचाऱ्याने डाळीसंबंधी चित्र काढण्यास मंडळाची हरकत नाही' असं लिहिलं आहे.

अकरा तारखेला रजा टाकून मी आणि रंगराव निघालो. चित्राच्या चार कोपऱ्यांना तुराट्यांचे तुकडे बांधले होते आणि त्यावरून जयमालाचं जुनं लुगडं ताणलं होतं, म्हणजे कापड चित्राला टेकू नये. चिखलीला गाडी बदलताना कंडक्टरने विचारलं, "काय हाये हे?"

"माह्या वयनी," रंगराव म्हणाले.

कंडक्टरने आम्हाला मागची पूर्ण सीट दिली आणि बुलढाण्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरताना त्याने लुगड्याखालच्या चित्राला हात जोडले. तो काय समजला होता हे माझ्या लक्षात खाली उतरल्यावर आलं. तोवर गाडी गेली होती.

सभागृहात चित्रं घ्यायला संघपाल नावाचा एक शांत, चष्मेवाला तरुण शिक्षक बसला होता. त्याने पुढे एक छापील कागद ठेवला : 'मी हमी देतो की सदर चित्र पूर्णपणे वाळलेले आहे.' खाली सहीची जागा.

मी पेन उघडलं. बंद केलं. आयुष्यात मी खोटं प्रमाणपत्र दिलेलं नाही. हरवलेल्या पुस्तकालाही मी 'सध्या उपलब्ध नाही' असंच लिहितो. रंगराव कानाशी म्हणाले, "करा ना सर सही. कोन बोट लावून पाह्यते?" मला बाजेवरच्या चित्रापुढची सुई आठवली. छाया आठवली. शेवटी मी 'पूर्णपणे' हा शब्द खोडला, त्यावर 'बहुतांशी' लिहिलं आणि सही केली.

संघपालने वाचलं. "बहुतांशी म्हणजे किती, काका?"

"भिंत वाळली आहे. खिडकी वाळली आहे. बरण्या वाळल्या आहेत."

"आणि बाई?"

रंगराव पुढे झाले. "पोरा, चूक माही हाये. शेंगदान्याचं तेल म्या टाकाले लावलं." आणि त्यांनी त्याला ठेच्यापासून सगळी हकीकत सांगितली, इतक्या मोठ्याने की आजूबाजूला नोंदणीला आलेले चित्रकार जमले. आपण ठेच्यावर खाल्लेलं तेल रंगाचं होतं, हेही त्यांना सांगतानाच कळलं. ते क्षणभर थांबले, पोटावरून हात फिरवला आणि पुढे सांगू लागले. मी भिंतीकडे पाहत उभा होतो. ती पूर्णपणे वाळलेली होती.

संघपाल हसला नाही. त्याने लुगड्याची एक बाजू उचलून चित्र बराच वेळ पाहिलं. मग हमीपत्र फाईलला लावलं आणि म्हणाला, "कोपऱ्यात लावतो. वर पाटी लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळचं वाचनालय करून, संध्याकाळची सुटी काढून, मी जयमालाला घेऊन दीडच्या सुमारास पोचलो. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं. छाया दारातच होती, आणि तिच्याबरोबर तिच्या कॉलनीतल्या सात बाया.

कोपऱ्यातल्या चित्राजवळ गर्दी होती. इतर कुठल्याच चित्राजवळ नव्हती. क्षणभर, खोटं कशाला सांगू, मनात 'चित्रकार' हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारला गेला.

मग मी पाटी पाहिली : 'चित्र ओले आहे. हात लावू नये.'

माणसं रांगेने येत होती, पाटी वाचत होती, आणि खरंच ओलं आहे का हे पाहायला एक बोट लावत होती. मग ते बोट एकमेकांना दाखवत होती. पदरावर बोटं होती, हातांवर होती, गालांवर, कपाळावर. माझी चाळीस दुपारींची मेहनत लोकांनी एकेक टिपका करून घरी नेली होती. चेहरा कोणाचा आहे हा माझा जुना प्रश्न आता उरलाच नव्हता.

चित्राखाली नीट टंकलेली चिठ्ठी होती. चित्रकार : जयमाला. शीर्षक : चंद्रशेखर.

मी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा भिंग लावून. माझ्यामागे एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, "यातला चंद्रशेखर कोन्ता?" तिने बारकाईने पाहून लोणच्याच्या मधल्या बरणीकडे बोट दाखवलं.

मी संघपालला शोधत निघालो. चौकटी उलट्या झाल्या, चूक माझी, चिठ्ठी बदलावी, असं वाक्य मनात जुळवलं. तो टेबलापाशी मिळाला. "काका, सहभागाची प्रमाणपत्रंही छापून आलीत," तो म्हणाला. सगळ्यात वरचं होतं : श्रीमती जयमाला यांना. अक्षरं सोनेरी. 'ला'चा काना जागेवर.

"काही चुकलंय का?" त्याने विचारलं.

मी वळून पाहिलं. जयमाला चित्रापुढे उभी होती. सात बाया, छाया आणि आणखी काही अनोळखी लोक तिच्याभोवती जमले होते. छाया सगळ्यांना सांगत होती, "माही बहीन! हे पाहा नाव!" जयमाला चित्राकडे वाकून पाहत होती. तिने गालावरची बोटं पाहिली. हातांवरची पाहिली. मी खांबाआड सरकलो.

"बाप्पा," ती म्हणाली. "इतक्या लोकायनं हात लावून पाह्यलं मले?"

आवाजात तक्रार नव्हती. तिने परत पहिल्यापासून सगळी बोटं न्याहाळली.

चष्मा लावलेल्या एका मुलीने वही पुढे करून विचारलं, "मावशी, चित्राचं नाव काय ठेवलं तुम्ही?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. अडतीस वर्षांत जयमालाने माझं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, ते शेवटचं. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं तर ती माझ्याकडे बोट दाखवते, आणि मी बरोबर नसलो तर रेशन कार्ड दाखवते. आमच्याकडे ही रीत आहे. मला तिचं कधी काही वाटलं नव्हतं, निदान तसं मी समजत होतो.

जयमालाने चिठ्ठीकडे पाहिलं. मग इकडेतिकडे. मी खांबाआड होतो.

"चं-द्र-शे-खर," ती म्हणाली. एकेक अक्षर, डाळीतून खडा उचलावा तसं. आणि मग, मुलीला ऐकू आलं नसेल म्हणून, जरा मोठ्याने, "चंद्रशेखर."

"काका," संघपाल मागून म्हणाला, "काही चुकलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "बहुतांशी बरोबर आहे."

चित्र आता कोठीत आहे, त्याच स्टँडवर. प्रमाणपत्र उत्तरेच्या खिडकीशेजारी लावलं आहे. तिथे बरण्यांनी थोडी जागा करून दिली. मी रोज एक ते अडीच त्या चेहऱ्यावर काम करतो. पुढेही करता येईल, कारण तो वाळणार नाही, हे पुस्तकातच आहे. जयमाला डाळ घ्यायला आत येते तेव्हा जाता जाता गालाला बोट लावते आणि दाराच्या चौकटीला पुसते. चौकटीवर आता रंगांची एक रांग झाली आहे.

कुंपणापलीकडून रंगराव रोज विचारतात. त्यांना अजून अपराधी वाटतं, आणि भाकरीची वेळही असते.

"काय वयनी, वाळलं का?"

"नाही ना भाऊजी," जयमाला आतून ओरडून सांगते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "चंद्रशेखर अजून ओलाच हाये!"